दोन हातांचा नळ

गेल्या उन्हाळ्यात आत्याला घेऊन सोलापूरला निघाले होते. इंदापूर मागे पडल्यावर चहासाठी एका हॉटेलपाशी गाडी थांबवली आणि आधी आम्ही दोघी स्वच्छतागृहाकडे वळलो. आत्याला अर्धांगाचा झटका येऊन गेल्याला बराच काळ झाला. पाय सावरले, जीभ सावरली, डावा हात मात्र परत आला नाही. तो ती पदरात गुंडाळून पोटाशी धरून असते. हॉटेल नवं होतं, फरशी कोरडी होती, फिनेलचा वास ताजा होता, तक्रारीला तशी जागा नव्हती. बाहेर येऊन ती बेसिनपाशी उभी राहिली. नळ दाबायचा होता: वरचं बटण दाबलं की पाणी, सोडलं की बंद. तिने उजव्या हाताने बटण दाबलं, पाणी आलं, तोच हात लगबगीने धारेखाली नेला, तोवर धार तुटली. पुन्हा दाबलं, पुन्हा हात खाली, पुन्हा तेच. हातावर साबणाचा फेस तसाच. मग तिने कोपराने दाबून पाहिलं. पण कोपर बटणावर आणि त्याच हाताचा पंजा धारेखाली, हे माणसाच्या शरीराला जमत नाही. मागे एक बाई मुलाला कडेवर घेऊन थांबली होती. मी पुढे होऊन बटण दाबून धरलं, आत्याने हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "हा नळ दोन हातवाल्यांचा आहे गं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चहा पिताना ती उजनीच्या पाण्याविषयी आणि उसाविषयी बोलत होती. मला मात्र तो नळ सोडेना. घरी आत्या एका हाताने सगळं करते. कुकर लावते, भाजी निवडते, दुधावर लक्ष ठेवते. घरातल्या बेसिनवर लांब दांडीचा नळ आहे, मनगटाच्या मागच्या बाजूने ढकलला तरी उघडतो, त्यामुळे तिथे तिला कुणाला हाक मारावी लागत नाही. म्हणजे घरात जी बाई आपलं आपण सगळं करते, तीच दोन-अडीच तासांच्या प्रवासानंतर परक्याच्या मदतीची वाट बघत उभी राहते, आणि मधल्या वेळात तिच्यात काहीच बदललेलं नसतं. बदललेला असतो तो नळ.

घरच्या आणि बाहेरच्या संडासातल्या वस्तू वेगळ्या असतात हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कारण कुणी विचारत नाही. घरी कमोडच्या पाठीला टाकी असते, नाट्यगृहात ती गायब होऊन भिंतीतून नुसता जाड पाईप डोकावतो. घरच्या सीटला झाकण असतं, बाहेरच्या सीटला नसतं, कित्येकदा सीटच नसते. घरचा नळ फिरवायचा, बाहेरचा दाबायचा, आणि विमानतळावर गेलं तर नुसता हात पुढे करायचा. यातलं काहीच आपोआप झालेलं नाही. इथे कोण येणार, कसं वागणार, काय मोडणार, काय पळवणार, याचा कुणीतरी आधी विचार केलेला असतो. सोलापूरहून परतल्यावर मी जिथे जाईन तिथे हे बघायला लागले.

आमच्या सोसायटीचं काम बघणारे प्लंबरकाका याच धंद्यात म्हातारे झाले. त्यांच्या पिशवीत एका मंगल कार्यालयातून काढलेला तसलाच दाबायचा नळ पडून होता. मी विषय काढला तसं त्यांनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि पान्याने तो नळ उघडून दाखवला. बाहेरून चकचकीत, आत हिरवट डागांचं पितळ. एक स्प्रिंग, एक दट्ट्या, दट्ट्याच्या गळ्यात रबराचा काळा वॉशर, आणि टाचणीचं टोक जाईल न जाईल एवढं एक छिद्र. सगळी करामत त्या छिद्राची आहे, काका म्हणाले. बटण दाबलं की दट्ट्यामागच्या पोकळीतलं पाणी बाहेर जातं आणि धारेची वाट मोकळी होते. मग त्या छिद्रातून थोडं थोडं पाणी पोकळीत परत भरत जातं आणि दट्ट्या सावकाश सरकत वाट बंद करतो. त्या भरण्याला जी काही सेकंदं लागतात, तेवढा वेळ आपल्याला दोन्ही हात धारेखाली धरायला मिळतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. छिद्र क्षाराने बुजलं की पोकळी भरतच नाही आणि नळ वाहत राहतो. उलट वॉशर झिजला की पाणी कडेने आत शिरतं, पोकळी झटकन भरते आणि बटण सोडताच धार तुटते. काकांनी तो वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूने तो खरोखरच कुरतडल्यासारखा झाला होता. "तुमच्या त्या हॉटेलातल्या नळाचं हेच झालं असणार, ताई," ते म्हणाले. "दोन-पाच रुपयांचा माल असतो हा. पण बदलायला माणूस लागतो."

म्हणजे बनवणाऱ्याने आत्याचा हात धुऊन होईल एवढा वेळ त्या नळात ठेवला होता.

टाकी नसलेल्या फ्लशमध्येही हीच युक्ती आहे. त्याच्या पोटात रबराचा पडदा असतो आणि त्या पडद्याजवळही असंच बारीक भोक. दांडी दाबली की पडद्याच्या वरचं पाणी सुटतं, खालच्या पाण्याचा दाब पडदा उचलतो आणि लोंढा वाहतो. मग भोकातून पाणी वर चढतं आणि पडदा आपसूक खाली बसतो. शिकागोच्या विल्यम स्लोन यांनी 1906 मध्ये असा फ्लश बाजारात आणला, तत्त्व आजही तेच आहे. त्याची गरज समजून घ्यायला नाटकाच्या मध्यंतराला बायकांच्या रांगेत उभं राहावं. दहा-पंधरा मिनिटांचा वेळ, रांग पार जिन्यापर्यंत आणि आत मोजकेच संडास. टाकीचा फ्लश असेल तर एकीने तो ओढल्यावर टाकी भरायला मिनिटभर तरी जातं, आणि पुढचीला अर्ध्या टाकीवर भागवावं लागतं. अशा ठिकाणी भरण्याची वाट बघायला लावणारी वस्तू उपयोगाची नसते. मग घरी तोच फ्लश का नको, तर त्याला पाण्याचा जोर लागतो आणि जाड पाईप लागतो; घरातल्या अर्ध्या इंची पाईपातून तेवढं पाणी एकदम येऊच शकत नाही. हल्ली फ्लॅटमध्ये भिंतीत दडवलेले असे फ्लश बसवतात, त्यांच्यासाठी गच्चीवरच्या टाकीपासून वेगळा जाड पाईप खाली आणावा लागतो. तरी सर्वांत वरच्या मजल्यावरचे लोक कायम म्हणत असतात की आमच्याकडे जोर नाही. टाकी त्यांच्या डोक्यावरच असते, पण पाण्याला जोर येतो तो उंचीमुळे, आणि तेवढी उंची त्यांच्या वाट्याला येत नाही.

लहानपणी मला या फ्लशच्या आवाजाची धडकी भरायची. घरी साखळीची टाकी असलेली मैत्रीण मला श्रीमंत वाटायची, कारण आमच्या कसबा पेठेतल्या वाड्यात फ्लशच नव्हता. मागच्या अंगणात ओळीने संडास, सगळ्या बिऱ्हाडांचे मिळून. ज्याने त्याने आपला डबा भरून न्यायचा. आमचा डबा डालड्याचा होता, त्याच्यावरचं झाड पुसट झालेलं आठवतं. दाराला कडी म्हणून वाकवलेली तार, फळीतल्या भोकात कोंबलेला कागद, पावसाळ्यात फुगून न लागणारं दार. ते संडास धड घरचेही नव्हते आणि धड सार्वजनिकही नव्हते. अंगणात एक पितळी नळ होता, जुना, जड, फिरवायच्या तोटीचा. तो कुणी चोरला नाही, कुणी उघडा टाकला नाही. कारण वाड्यातला प्रत्येक जण प्रत्येकाला नावानिशी ओळखत होता, आणि नळ ठिबकताना दिसला की कुठल्या तरी काकू खिडकीतून हाक मारत. अनोळखी माणसं एकत्र आली की ती हाक बंद होते. मग हाकेचं काम स्प्रिंगकडे द्यावं लागतं.

पितळ किलोवर विकलं जातं, म्हणून बागेतल्या आणि रस्त्याकडेच्या संडासात पांढरे प्लॅस्टिकचे नळ दिसतात. भंगारात त्यांना कुणी विचारत नाही. दिव्याला जाळी असते, आरसा भिंतीत पक्का बसवलेला असतो किंवा नसतोच. रेल्वेच्या डब्यातला स्टीलचा मग साखळीने बांधलेला असतो, आणि तिथला जुन्या घडणीचा नळ खालून वर ढकलून धरावा लागतो. एका हाताने ढकलायचं, दुसरा धुवायचा, मग अदलाबदल. हात धुताना हातावर हात चोळावा लागतो, त्या नळाखाली मात्र दोन्ही हात एकत्र येतच नाहीत. तरीही मला त्या नळाचा राग येत नाही. डब्याच्या टाकीत पाणी मोजकं असतं; एक नळ रात्रभर उघडा राहिला तर सकाळी सगळा डबा कोरडा. तिथलं भांडंही स्टीलचं असतं, कारण हादऱ्यांनी चिनीमाती तडकते. अनोळखी गर्दीवर फार विसंबता येत नाही हे मला कळतं. गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, डायपर टाकून गाडीतले बायोटॉयलेट तुंबवणारेही आपणच असतो.

काही गोष्टी मात्र मला वापरणाऱ्याच्या बाजूने उभं राहून कळत नव्हत्या. त्या एका मॉलमध्ये सफाईचं काम करणाऱ्या मावशींनी समजावल्या. संडासाची दारं जमिनीपासून वीतभर वर का, तर मॉप न थांबता आडवा फिरतो, पाणी कोपऱ्यात साचत नाही, आणि आत कुणी चक्कर येऊन पडलं तर पाय दिसतात. कमोड जमिनीला न टेकता भिंतीला का टांगलेला, तर त्याच्या खालून हात फिरवता येतो. घरी कमोडच्या बुडाशी, सिमेंटच्या रेषेपाशी जी पिवळी कड धरते, ती खरवडायला गुडघ्यावर बसावं लागतं. त्यांच्या मॉलमध्ये ते वाचलं होतं. "हा टांगलेला कमोड ज्याने शोधला त्याची बायको झाडू मारत असणार," मावशी म्हणाल्या. मला हे ऐकून बरं वाटलं, आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं, कारण तोवर मी त्या दाराखालच्या फटीकडे फक्त आडोसा कमी पडतो म्हणून बघत होते. हँडशॉवर मात्र त्यांना अजिबात आवडत नाही. लोक पाणी चहूकडे उडवतात, पुढची बाई ओल्या फरशीवर चपलेचे ठसे उमटवते, आणि दर दहा मिनिटांनी मावशींना आत जावं लागतं. मग त्यापेक्षा मग-बादली बरी का, असं विचारलं तर म्हणाल्या, "लोक मगच उचलून नेतात."

बसण्याच्या पद्धतीचाही घोळ आहेच. आपल्या घरांमध्ये आता बहुतेक ठिकाणी कमोड आला, गुडघ्यांसाठी आला आणि राहिला. बाहेर मात्र अनेकांना उकिडवं बसायचं भांडंच हवं असतं, कारण त्याला अंग लागत नाही. मग कमोडच्या सीटवर चपलांचे ठसे दिसतात, कारण अंग टेकवण्यापेक्षा वर चढून बसलेलं बरं असं कुणाला तरी वाटलेलं असतं. या दोन्ही माणसांना एकाच भांड्यावर सामावून घ्यायला आपल्याकडे अँग्लो-इंडियन कमोड निघाला. रुंद कड, तिच्यावर पाय ठेवायला खाचा, हवं तर बसा, हवं तर चढा. जुन्या हॉस्पिटलांत आणि लॉजमध्ये अजून दिसतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढता येत नाही आणि चढणाऱ्याला पडायची भीती, तरी हे भांडं करणाऱ्याने दोघांचाही विचार केला होता. अमेरिकेत मुलीकडे जाऊन आलेली माझी बहीण सांगत होती, तिथल्या सार्वजनिक कमोडची सीट पुढून तुटलेली दिसली म्हणून ती आधी दुसऱ्या संडासात गेली, तिथेही तशीच. ती तुटलेली नसते. अनेक राज्यांच्या प्लंबिंगच्या नियमांतच सार्वजनिक जागी पुढून उघडी, यू आकाराची सीट सांगितलेली असते, म्हणजे अंगाला लागू नये असा पुढचा भागच राहत नाही आणि बायकांना हात पुढून नेता येतो. आपल्याकडे जे काम उकिडवं बसण्याने होतं, त्याच्यासाठी तिथे सीटचा तुकडा कापला आहे.

इथवर सगळं मला पटतं. चोर, घाई, गर्दी, घाण, पाणी, सफाई, प्रत्येकाचं कारण आहे.

पण हूक का नसतो, याचं कारण मला कुणाकडूनच मिळालेलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला एक हूक. पर्स, ओढणी, पदर, पावसाळ्यात छत्री, कधी औषधांची पिशवी, एवढं सगळं घेऊन बाई आत जाते आणि दार लावल्यावर तिच्या लक्षात येतं की ठेवायला काही नाही. फरशी ओली. पर्स गळ्यात अडकवायची, ओढणी दातात धरायची, साडी एका हाताने वर धरायची, आणि उरलेल्या हाताने कडी, नळ, कपडे. आपल्या महामार्गांवरची हीच स्थिती आहे, आणि हे मी मैत्रिणींना सांगितलं की त्यातली प्रत्येक जण पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करते. कुठे दाराला चार स्क्रूची भोकं असतात, हूक गेलेला असतो आणि पुन्हा कुणी लावलेला नसतो. सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा नसतो, मग ते भांड्यात जातं, मग ते भांडं तुंबतं, आणि मग दारावर पाटी लागते की बायकांनी पॅड टाकू नये. इथे चोरीची भीती नाही आणि खर्चही नाही. ज्याने यादी केली त्याच्या मनात पर्स घेतलेली, पाळी आलेली बाई आलीच नव्हती, एवढंच मला दिसतं. मुंबईत 2011 मध्ये बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभी केली, तेव्हा त्यांचा एक साधा सवाल होता: पुरुषांना मुतारी फुकट, मग बाईने पैसे का द्यायचे? बाईसाठी मुतारीची वेगळी सोयच नव्हती, तिला संडासातच जावं लागे, म्हणून तिच्याकडून संडासाचे पैसे घेतले जात. भिंतीला टांगलेल्या एका चिनीमातीच्या भांड्यावरून पुरुषाचा आणि बाईचा दर वेगळा झाला होता. पुण्यात 2016 मध्ये जुन्या बसगाड्यांचं रूप बदलून बायकांसाठी 'ती' टॉयलेट सुरू झाली. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा आत आधी हूक शोधला.

घरच्या आणि बाहेरच्या वस्तूंची ही तुलना करताना मी एक गोष्ट विसरत होते, असं आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंशी बोलताना जाणवलं. तुलना करायला आधी घरी संडास हवा. त्यांच्या वस्तीत सार्वजनिक संडास हाच त्यांचा सकाळचा, रात्रीचा, बाळंतपणातला आणि म्हातारपणातला संडास आहे. तिथला दिवा गेला तर त्यांच्या घरातला दिवा गेल्यासारखंच आहे. आणि या बाबतीत पुण्याने काही चांगलं करून दाखवलं होतं. 1999 पासून महापालिकेने वस्त्यांमधल्या संडासांची कामं संस्थांना दिली, रत्नाकर गायकवाड तेव्हा आयुक्त होते. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हे वस्त्यांमधल्या बायकांचं संघटन, यांनी बांधलेल्या संडासांच्या कामात वस्तीतल्या बायकांनी स्वतः भाग घेतला. बायकांना वेगळं दार, पाणी साठवायला मोठी टाकी, आणि मुलांसाठी वेगळे संडास. रांगेत मुलं नेहमी मागे ढकलली जातात आणि मोठ्या भांड्याच्या खोल भोकात पडू अशी त्यांना भीती वाटते, म्हणून भांडी छोटी, भोक लहान, आणि उकिडवं बसताना तोल जाऊ नये म्हणून धरायला मूठ. ही मूठ मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्या बाईने आपल्या पोराला गटारावर बसताना मागून धरलंय, तिला ती सुचते. बिंदेश्वर पाठक यांनी 1970 मध्ये 'सुलभ'चं काम सुरू केलं तेव्हा त्यांनीही असंच माणसाच्या हातातल्या डब्यापासून गणित मांडलं होतं. भांड्याचा उतार 25 ते 28 अंशांचा, खालच्या वळणात फक्त 20 मिलिमीटर पाणी, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात सगळं वाहून जातं. टाकी नको, जोर नको. डोक्यावरून मैला वाहून नेणाऱ्या माणसांची त्यातून सुटका व्हावी, हा त्या उताराचा हेतू होता.

बाहेरच्या वस्तू वाईट आणि घरच्या चांगल्या, असंही मला म्हणता येत नाही, आणि हे मला आत्यानेच दाखवलं. एका मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला गेलो असताना तिने दिव्यांगांसाठीचा संडास वापरला. रुंद दार, कमोड थोडा उंच, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. बाहेर आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. "घरी उठताना मी टॉवेलच्या दांडीला धरते," ती म्हणाली. ती दांडी टाइलमध्ये दोन बारक्या स्क्रूंवर उभी असते, ओल्या टॉवेलचं वजन सोसते तेच खूप. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींना दिव्यांगांसाठी सोयी करायला सांगितलंय. घराला कुणी सांगत नाही. घर बांधताना आपण रंग बघतो, टाइलची नक्षी बघतो, आणि या घरात कुणी म्हातारं होणार आहे हे मनातच आणत नाही. प्लंबरकाकांनी दांडा बसवताना सगळ्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. टाइलच्या मागे पोकळी असेल तर आवाज भरीव येत नाही, आणि अशा जागी अख्ख्या माणसाचं वजन पेलणारा दांडा धरत नाही. जिथे वीट लागली तिथेच त्यांनी ड्रिल घातलं. मग स्वतः दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. आमच्या घरी आलेल्या दोघा-तिघांना हॉस्पिटलसारखं दिसतं असं वाटलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. आत्या आता रात्री मला उठवत नाही.

सध्या आमच्या सोसायटीत पार्किंगमधल्या संडासाचं काम निघालंय. वॉचमन, ड्रायव्हर, घरकामाच्या बायका, कुरिअरवाले, सगळे तोच वापरतात. आमच्यातलं कुणी तिथे जात नाही. कमिटीच्या बैठकीत प्लॅस्टिकचा नळ, साधं भांडं आणि बाहेरून कुलूप असं ठरत आलं होतं. मी लांब दांडीचा पितळी नळ मागितला, म्हणजे हाताला पीठ किंवा साबण लागलेली बाईही तो मनगटाने उघडू शकेल. नळ चोरीला जाईल असं म्हणणं आलं. पार्किंगमध्ये कॅमेरा आहे, आणि नळ गेलाच तर दुसरा लावू, हे मी लेखी दिलं. नळ मंजूर झाला. आतल्या बाजूला दोन हूक, झाकणाचा डबा, एक दांडा आणि आतून लावता येईल अशी धड कडी, हेही मंजूर झालं. या सगळ्याचा खर्च लॉबीतल्या दोन कुंड्यांपेक्षा कमी आला. देखभालीच्या यादीत दर तीन महिन्यांनी वॉशर तपासायचं काम काकांच्या नावे घातलं आहे. कुलपाचं अजून मिटलेलं नाही. किल्ली वॉचमनकडे राहावी असं बहुतेकांचं म्हणणं आहे. घरकामाला येणाऱ्या बाईने दर वेळी एका पुरुषाकडे जाऊन संडासाची किल्ली मागायची, हे मला मान्य नाही, आणि पुढच्या बैठकीत हा मुद्दा मी पुन्हा मांडणार आहे. या खेपेला कामाला येणाऱ्या ताईंनाही बैठकीला बोलावलं आहे.